शेड आपलं, कोंबडी कंपनीची

पोल्ट्रीचा हिशेब बहुतेक वेळा पाठकोऱ्या कागदावर मांडला जातो, आणि मांडणारा माणूस घाईत असतो. पाच हजार पक्षी, वर्षाला सहा बॅच, किलोमागे अमुक रुपये, गुणाकार, खाली एक जाड रेघ. रेघेखालचा आकडा पाहून घरातला कर्ता पुरुष सातबारा काढायला तलाठ्याकडे निघतो. नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या बाजूला आमचंही शेड असंच उभं राहिलं. कराराची पोल्ट्री आतून पाहिल्यावर आणि पंचक्रोशीतल्या कितीतरी शेडवाल्यांचे हिशेब ऐकल्यावर मला एवढं कळलं, की त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नसतो. फसगत होते ती कागदावर न आलेल्या आकड्यांमुळे.

म्हणून आधी तो कागद पूर्ण मांडू. पाच हजार पक्ष्यांसाठी पाच हजार चौरस फूट किंवा थोडं जास्त शेड लागतं. जाळी, पत्रे, कोबा, पाण्याची टाकी, निपल, फॉगर धरून समजा पंधरा लाख लागले. त्यातले बारा लाख बँकेचे, अकरा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी. म्हणजे महिन्याला साडेवीस हजारांचा हप्ता, वर्षाला सुमारे अडीच लाख. आता मिळकत. शंभरात चार मेले, उरलेले 4,800 पक्षी सरासरी 2.2 किलोचे भरले, तर माल होतो साडेदहा टन. कंपनीकडून किलोला आठ रुपये संगोपनाचा दर मिळाला तर एका बॅचचे 84 हजार. वीज, तूस, ब्रूडिंगचा (लहान पिल्लांना ऊब देण्याचा) कोळसा किंवा गॅस, चुना, किरकोळ खर्च असे तीस हजार वजा करा. मजुरी घरचीच, म्हणून शून्य. हातात राहिले 54 हजार. सहा बॅच झाल्या तर वर्षाचे सव्वातीन लाख आणि हप्ता जाऊन पाऊण लाख शिल्लक. पाच झाल्या तर वीस-पंचवीस हजार. आणि चारच झाल्या तर शेतकऱ्याला हप्ता भरायला घरातून पैसे घालावे लागतात.

सगळा धंदा या सहा आणि चारच्या मध्ये आहे. किती बॅच होणार, हे मात्र शेतकरी ठरवत नाही.

ब्रॉयलर साधारण 40 ते 45 दिवसांत तयार होतो. मग शेड रिकामं करायचं, खत काढायचं, धुऊन चुना मारायचा, दहा-पंधरा दिवस विश्रांती द्यायची. या मापाने वर्षात सहा बॅच बसतात. पण पिल्लं टाकायची की नाही हे कंपनी बाजार बघून ठरवते. श्रावणात मागणी पडते, नवरात्रात पडते, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचाही फटका बसतो; गटारी आणि धुळवडीला ती उसळते. कंपनीला हे पंचांग तोंडपाठ असतं. बाजारात माल जास्त होणार असं दिसलं की सुपरवायझर सांगतो, “यावेळी पंधरा दिवस थांबा.” त्या पंधराचे चाळीस होतात. करारनाम्यात वर्षाला किमान किती बॅच देणार याचं कलम मी पाहिलेल्या कागदांत कुठेच नव्हतं.

ही करार पद्धत तामिळनाडूतून आली. कोइमतूरजवळच्या उदुमलपेठेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिने मूळ धरलं. कारण साधं होतं. स्वतः पिल्लं आणि खाद्य घेऊन कोंबड्या वाढवणारे शेतकरी एका पडलेल्या भावात बुडत होते. कंपनीने सांगितलं, पिल्लं, खाद्य, औषध, डॉक्टर, विक्री सगळं आमचं. शेड, वीज, पाणी आणि मेहनत तुमची. भाव पडला तर तोटा आमचा. हा सौदा खोटा नाही. भाव किलोला साठ रुपयांवर आला म्हणून करारातल्या शेतकऱ्याला त्या बॅचचे पैसे कमी मिळत नाहीत, हे कबूल केलंच पाहिजे. स्वतःच्या जिवावर पोल्ट्री करणारा त्याच आठवड्यात लाखो रुपयांनी खाली गेलेला असतो.

पण जोखीम नाहीशी झालेली नसते, तिने फक्त जागा बदललेली असते. तिचं नवं नाव एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं ते गुणोत्तर. 1.6च्या आसपास असेल तर ठीक. त्याच्या वर गेलं, मर वाढली, की कंपनीच्या ठरलेल्या उत्पादनखर्चापेक्षा खर्च जास्त पडतो आणि तो फरक संगोपनाच्या दरातून कापला जातो. आता पहिल्याच आठवड्यात पिल्लं मरू लागली तर दोष कोणाचा, अशक्त पिल्लांचा की ब्रूडिंगचा? खाद्याचं पोतं पन्नास किलोचं लिहिलंय, पण ते भरतं किती? बाजार मंद म्हणून 42व्या दिवशी उचलायचा माल 50व्या दिवशी उचलला, तेवढे दिवस पक्षी खात राहिले, मेच्या उन्हात जड पक्षी आधी मेले, एफसीआर बिघडला. हा तोटा कोणाच्या खात्यात? पावतीवर तो शेतकऱ्याच्या खात्यात दिसतो.

आमच्याकडे एका उन्हाळ्यात नेमकं हेच झालं. गाडी आज येईल, उद्या येईल म्हणत आठवडा गेला. छपरावर उसाचं पाचट टाकलं, बाजूंना ओली बारदानं लावली, फॉगर सुरू ठेवले. वीज गेली की सगळंच थांबायचं. दुपारी शेडच्या टोकाला मेलेल्या कोंबड्यांचा ढीग लागायचा. हिशेब आला तेव्हा दर निम्म्यावर आलेला होता. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीच्या शेडवरही वेगळं काही घडलं नव्हतं. पुढच्या खेपेपासून मात्र एक सवय लागली. गाडीतून उतरणारी पोती काट्यावर घालायची, मेलेले पक्षी रोज सुपरवायझरच्या वहीत आणि आपल्याही वहीत लिहायचे, उचलायची तारीख पुढे गेली की फोनवर वाद न घालता लेखी मेसेज पाठवायचा. भांडण झालं तर हीच वही कामाला येते.

पोल्ट्रीने गावाला काहीच दिलं नाही असं म्हणणारा माणूस गावात राहत नसावा. द्राक्ष आणि कांदा करणारे कोंबडीखतासाठी आधीच सांगून ठेवतात. रात्री गाड्या भरणारी पोरं, खाद्य वाहणारे ट्रकवाले, औषधांची दुकानं, वेल्डिंगवाला, यांच्या चुली त्यावर पेटतात. ब्रॉयलरच्या खाद्यात साधारण साठ टक्के मका आणि पाव हिश्शाहून अधिक सोयापेंड असते. मराठवाड्यातलं सोयाबीन आणि नाशिक-जळगावचा मका कोंबडीच्या पोटातून पुन्हा बाजारात येतो. दोन एकर कोरडवाहूवर ज्याचं भागत नव्हतं, तो तरुण पुण्याच्या कंपनीत बारा तास उभं राहण्याऐवजी घरी राहिला, हेही खरं.

मात्र याच साखळीचा पीळ शेतकऱ्याच्याच घरात बसतो. 2021च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर पोहोचलं. सोयाबीनवाले खूश, पोल्ट्रीवाले हवालदिल. पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. काही आठवड्यांतच नवा माल बाजारात आला आणि भाव कोसळला. पुढे इथेनॉलसाठी मका जाऊ लागला, तसा मका महागला. त्यातून निघणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला, तशी सोयापेंडीची मागणी घटली. 2024च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि शेतकरी त्याखाली विकत होता. एकाच बांधावर एका भावाचं सोयाबीन आणि दुसऱ्याची पोल्ट्री असेल, तर एकाच्या दिवाळीला दुसऱ्याच्या घरी अंधार असतो.

आता आजाराची गोष्ट. मानमोडी, गंबोरो हे नेहमीचे पाहुणे. पहिल्या आठवड्यात मानमोडीवरची लासोटा लस, मग गंबोरोची लस, पुन्हा लासोटा, हे वेळापत्रक पाळलं तर त्यांना आवर घालता येतो. बर्ड फ्लूचं तसं नाही. देशात तो पहिल्यांदा निघाला तो आपल्याकडेच, फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. लाखो पक्षी मारून पुरले गेले. महिन्याभरात जळगाव जिल्ह्यात साथ निघाली, ती मोठ्या फार्मवर नव्हे तर परसातल्या कोंबड्यांत. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात दोन दिवसांत आठशे कोंबड्या मेल्या. ती पोल्ट्री बचत गटाची होती. त्याच वर्षी नवापूरला दुसऱ्यांदा फटका बसला.

या प्रसंगांतून दोन गोष्टी प्रत्येक पोल्ट्रीवाल्याने लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. त्याआधी आपोआप मेलेल्यांची नाही. त्यामुळे मर अचानक वाढली आणि ‘दोन दिवस बघू’ म्हटलं, तर दोन दिवसांचे पक्षी गेले आणि त्यांचे पैसेही गेले. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावं. दुसरी गोष्ट कराराची. पक्षी कंपनीच्या मालकीचे असतात, मग भरपाई कोणाच्या नावावर येणार? आणि त्यानंतर महिनोन्‌महिने रिकाम्या राहणाऱ्या शेडचं काय? हे आजाराच्या आधी कागदावर आलेलं नसेल तर नंतर कोणी आणत नाही.

कधीकधी तर आजार नसतानाही धंदा बसतो. 2020च्या फेब्रुवारीत मोबाइलवरून अफवा पसरली, की कोंबडीतून कोरोना होतो. राज्य सरकारने खुलासे केले, तेलंगणात मंत्र्यांनी व्यासपीठावर बसून चिकन खाऊन दाखवलं. पण मार्चमध्ये शेडवरचा भाव दहा रुपयांच्या आसपास आला. किलोचा उत्पादनखर्च सत्तरच्या घरात असताना लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, पिल्लं खड्ड्यात पुरली. करारातल्या शेतकऱ्याला पडलेल्या भावाची झळ थेट लागली नाही. कंपन्यांनी पिल्लं टाकणं थांबवलं आणि त्याचं शेड रिकामं झालं. शेडचा दुसरा उपयोगही फारसा नसतो. आमच्याकडे काहींनी त्यात कांदा साठवला, बस्स.

घरातल्या बाईसाठी पोल्ट्री म्हणजे काय, हे त्या पाठकोऱ्या कागदावर कधीच लिहिलेलं नसतं. ‘मजुरी शून्य’ म्हणजे बहुधा तीच. पहाटे पाणी बघायचं, खाद्य टाकायचं, मेलेले वेचायचे, ब्रूडिंगच्या रात्री पिल्लं एका कोपऱ्यात गोळा तर होत नाहीत ना हे उठून उठून बघायचं. खातं नवऱ्याच्या नावावर, कारण सातबारा त्याच्या नावावर. आणखी एक गोष्ट गुपचूप घडते. शेड असलेल्या घराने गावरान कोंबड्या पाळायच्या नाहीत अशी कंपनीची अट असते. रोगराईच्या दृष्टीने ती अट योग्यच आहे. पण अंडी विकून, पाहुण्यासाठी कोंबडं देऊन बाईच्या हातात जे चार पैसे नवऱ्याला न विचारता यायचे, ते बंद होतात. तिच्या माहेरची लग्नंही सुटतात. पक्षी आत असताना दोघांपैकी एकानेच जायचं, आणि राहायचं कोणी हे ठरलेलं असतं. 2019च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी सात वर्षांत जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढून 31 कोटी 70 लाखांवर गेलेले दिसले, तर व्यावसायिक पोल्ट्रीतले पक्षी जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढले. हे आकडे पाहिले की वाटतं, खेड्यातल्या बायकांना कोणती कोंबडी परवडते हे त्यांनी सांगून टाकलेलं आहे.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या नर्मदापुरम (पूर्वीच्या होशंगाबाद) जिल्ह्यात केसला नावाचा भाग आहे. तिथल्या गोंड-कोरकू बायकांनी ‘प्रदान’ या संस्थेच्या मदतीने ब्रॉयलर पाळायला घेतले. प्रत्येकीच्या घराशेजारी तीनचारशे पक्ष्यांचं लहान शेड. पिल्लं, खाद्य, औषध, विक्री बायकांच्याच सहकारी संस्थेकडे. बाजार वर असो की खाली, बाईला पैसे मिळतात ते तिने पक्षी किती चांगले वाढवले यावर. ऐकायला हे कंपनीच्या करारासारखंच आहे. फरक इतकाच, की नफा झाला तर तो कुठे जाणार हे ठरवणाऱ्या बैठकीत ती बाई बसलेली असते. अंड्याच्या धंद्यात असाच प्रयत्न डॉ. बी. व्ही. राव यांनी 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढून केला. अंड्याचा दर व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने जाहीर करायचा. ब्रॉयलरच्या शेतकऱ्याकडे आजही असं काही नाही, आणि एकेकट्याने कंपनीशी बोलून काही होत नाही हे आम्ही अनुभवलंय. तालुक्यातले वीस-पंचवीस शेडवाले एकत्र गेले तेव्हा मात्र रखडलेले हिशेब निघाले.

गावाशी भांडण होतं ते माश्यांवरून. खत ओलं राहिलं, निपल गळत राहिले, की पावसाळ्यात माश्यांचे लोंढे घरांकडे येतात. ताटावर बसतात, शाळेत बसतात. मग ग्रामसभेत विषय निघतो आणि त्याला भावकीचे, पुढाऱ्यांचे रंग चढतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत शेड वस्तीपासून 500 मीटर आणि नदी, तळं, विहिरीसारख्या पाण्याच्या स्रोतांपासून 100 मीटर दूर असावं असं म्हटलंय. लहान शेडला नियम लागू होतो की नाही यावर वाद घालण्यापेक्षा तेवढं अंतर ठेवलेलं बरं. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकणारा माणूस तर सगळ्या धंद्याचा वैरी. त्यांच्यासाठी खोल, झाकणाचा खड्डा पहिल्या दिवसापासून हवा. आणि पाणी. पक्षी मोठे झाले की पाच हजारांना रोज दोन हजार लिटरच्या घरात पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जिथे बायका टँकरच्या रांगेत उभ्या असतात तिथे शेडची बोअर रात्रभर चालू दिसली, तर गाव बोलणारच.

करारापेक्षाही गोड बोलणारी माणसं वेगळीच. 2012 मध्ये तामिळनाडूतल्या पेरुंदुराईत इमूचा फुगा फुटला, महाराष्ट्रातही लोकांनी इमू मोकळे सोडून दिले. तरी सात वर्षांनी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून कडकनाथची लाट उठलीच. झाबुआची ही काळी कोंबडी खरी, तिला 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही खरं. खोटी होती ती चढ्या दराने सगळी अंडी आणि पक्षी परत घेण्याची हमी. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, अनेकांनी बायकोचे दागिने गहाण ठेवले होते. अशी हमी कोणी दिली की त्याला एकच विचारा: हा माल तू पुढे कोणाला विकतोस, त्या दुकानाचा पत्ता दे. उत्तर ‘नव्या शेतकऱ्यांना’ असं असेल, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

सरकारी आधाराबद्दल थोडं. नाविन्यपूर्ण योजनेत हजार मांसल पक्ष्यांच्या शेडला सर्वसाधारण गटासाठी 50 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 75 टक्के अनुदान आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात गावठी कोंबड्यांच्या पैदास केंद्राला आणि उबवणीला 50 टक्के, जास्तीत जास्त 25 लाख रुपये मिळू शकतात. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीसमान दर्जा द्यायचं ठरवलं. 25 हजारांपर्यंतच्या मांसल पक्ष्यांचे शेडवाले त्यात येतात आणि वीजदर, ग्रामपंचायत कर यांत त्यांना दिलासा मिळायला हवा. पंचायत समितीत जाऊन शासन निर्णयाची प्रत मागून घ्यावी. अनुदान आहे म्हणून शेड मोठं करू नये. ते उशिरा येतं आणि हप्ता वेळेवर येतो.

शेड बांधायचं पक्कंच झालं असेल, तर हजार-पंधराशे पक्ष्यांपासून सुरू करा, लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, रुंदी तीस फुटांपलीकडे नेऊ नका. वर्षाला चारच बॅच मिळतील असं धरून हप्ता बसतो का ते बघा, आणि घरातल्या बाईची मजुरी त्यात रोजंदारीच्या दराने लिहा. सही करण्याआधी करारनाम्याची मराठी प्रत मागा. उचलायला उशीर झाला तर जादा दिवसांचं खाद्य कोणाच्या खात्यात, किमान किती बॅच, पैसे किती दिवसांत, साथ आली तर भरपाई कोणाची, ही चार उत्तरं त्यात नसतील तर लिहून घ्या. कोऱ्या धनादेशावर सही करू नका. देणं भागच पडलं तर रक्कम लिहा आणि फोटो काढून ठेवा. शेडचा आणि घराचा विमा वेगळा उतरवा. आणि कंपनीचा माणूस ज्या शेतकऱ्याकडे घेऊन जाईल त्याच्याखेरीज आणखी तिघांकडे स्वतःहून जा. त्यांच्या मागच्या दोन वर्षांच्या बॅचच्या पावत्या बघायला मागा, आणि दोन बॅचमध्ये किती दिवस गेले ते तारखा लावून मोजा.